'द ट्रुथ' : सात महिन्यांच्या वाचनानंतर

टेरी प्रॅचेट यांची 'द ट्रुथ' ही इंग्रजी कादंबरी मी जूनच्या पहिल्या आठवड्यात विकत घेतली. पहिले वाचन पोळ्याच्या सुमारास संपले. त्यानंतर हातात पेन्सिल घेऊन दुसरे वाचन सुरू केले, ते डिसेंबरअखेर पूर्ण झाले. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसलो असतो, तर 'एक अत्यंत विनोदी पुस्तक' एवढेच लिहून थांबलो असतो. ते अपुरे ठरले असते, म्हणून हा अनुभव उशिरा आणि थोडा सविस्तर लिहीत आहे.

ही कादंबरी 2000 साली प्रसिद्ध झाली. प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतील ती पंचविसावी कादंबरी असली, तरी आधीच्या चोवीस वाचल्या नसल्या म्हणून काही अडत नाही. या मालिकेतील जग ताटासारखे सपाट असून ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली आहे हे आजीकडून ऐकत वाढलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. या जगातील अंख-मॉरपॉर्क नावाच्या गजबजलेल्या शहरात बुटक्या लोकांची एक टोळी सुटे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छपाई करण्याचे यंत्र घेऊन येते. बुटके शिशाचे सोने करतात अशी अफवा शहरभर पसरते, आणि एका अर्थाने ती खरी ठरते. विल्यम डी वर्ड हा सरदार घराण्यातील तरुण दूरदेशीच्या काही प्रतिष्ठित मंडळींना शहराची खबरबात पत्राने कळवून पोट भरत असतो. तो अपघातानेच या यंत्रापाशी येऊन पोहोचतो आणि शहराच्या पहिल्या वर्तमानपत्राचा संपादक होऊन बसतो.

छापखान्याच्या वर्णनाची पाने मी इतरांपेक्षा जास्त रेंगाळत वाचली, कारण माझे काका लातूरच्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, होते. लहानपणी शाळा सुटली की मी तेथे जात असे. ट्रेडल मशीनचा ठेका, रॉकेलचा आणि शाईचा एकत्र वास, आणि डोळे झाकूनही योग्य घरातला खिळा उचलणारी काकांची बोटे हे सर्व वाचताना परत आले. कादंबरीत सुरुवातीलाच एक शंका उपस्थित होते. ज्या धातूच्या अक्षरांनी पवित्र ग्रंथ छापला, तीच अक्षरे मोडून पाककृतीचे पुस्तक जुळवले, तर त्या अक्षरांत आधीचे काही शिल्लक राहते का? ही शंका विनोदाने मांडलेली असली, तरी ती मला हसून सोडून देता आली नाही. काकांना विचारले. ते आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "सकाळी लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.'ला लावलेला खिळा दुपारी कुणाच्या 'कै.'च्या पत्रात लावायचो की आम्ही. पण मधी रॉकेलनं धुऊन घ्यायचो." कादंबरीतील त्या चर्चेला यापेक्षा चांगली जोड मला सापडलेली नाही.

पुस्तकाचा गाभा मात्र छपाईत नसून विल्यमच्या स्वभावात आहे. खोटे बोलणे सहन न होणाऱ्या घरात तो वाढलेला आहे, आणि खोटे न बोलताही माणसांना किती सफाईने फसवता येते हे त्याने त्याच घरात पाहिलेले आहे. शहराचे शासक लॉर्ड व्हेटिनारी यांनी आपल्याच कारकुनाला भोसकले आणि तिजोरीतील पैसा घेऊन ते पळून जात होते, असे दृश्य कोणीतरी जुळवून आणते. विल्यम त्याचा शोध घेऊ लागतो. त्याच वेळी 'इन्क्वायरर' नावाचे प्रतिस्पर्धी पत्र स्वस्तात निघते आणि बाईच्या पोटी नाग जन्माला आल्यासारख्या बातम्या छापून अफाट खपू लागते. छापून आले म्हणजे ते खरेच असणार, नाहीतर छापू दिले असते का, अशी सामान्य माणसाची समजूत लेखकाने अतिशय नेमकेपणाने पकडली आहे. तितकीच नेमकी पकडली आहे ती यंत्राची भूक. कालचा अंक कितीही चांगला निघालेला असो, आज सकाळी ते यंत्र पुन्हा रिकामे उभे असते, आणि त्याला काहीतरी द्यावेच लागते. प्रॅचेट स्वतः 1965 मध्ये 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक पत्रात नोकरीला लागले होते. ही भूक त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, हे ओळीओळीतून कळते.

ती मीही पाहिली आहे. 1993 साली मी औसा तालुक्यातून एका दैनिकासाठी बातम्या पाठवत होतो. लिहिलेले कागद पाकिटात घालून ते एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, ही त्या काळातील रीत होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक नुकते झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या दिवसांत जे पाहिले ते येथे लिहिण्याचा विषय नाही. पण मृतांची जी यादी मी पाठवली, तिच्यात एक नाव मी स्वतः खात्री न करता, केवळ दोन माणसांच्या सांगण्यावरून घातले होते. तो माणूस जिवंत होता आणि लातूरला दवाखान्यात उपचार घेत होता. ते नाव छापून आल्यावर त्याचा भाऊ बाहेरगावाहून अंत्यविधीच्या तयारीने आला. तो भाऊ मला एक शब्दही वावगा बोलला नाही. तरी पुढे जेवढी वर्षे बातमीदारी केली, तेवढी वर्षे कोणतेही नाव लिहिताना तो बसस्थानकावर उभा असलेला मला दिसत राहिला. विल्यम एखाद्याचे म्हणणे टिपून घेताना नावातील अक्षरे पुन्हापुन्हा विचारतो, तेव्हा इतर वाचकांना कदाचित गंमत वाटेल. मी त्या पानांवर फार हळू चाललो.

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट लक्षात आली. लॉर्ड व्हेटिनारी हा हुकूमशहाच आहे. तो वर्तमानपत्र एका शब्दाने बंद करू शकतो, तरीही करत नाही. छपाईचे ठसे कोरणाऱ्यांचा संघ विल्यमचा कागदपुरवठा तोडतो, तेव्हा शहराचा कचरा गोळा करून श्रीमंत झालेला हॅरी किंग त्याला कागद पुरवतो, आणि अंक निघतो. हे प्रसंग रंगलेले आहेत, परंतु निजामाच्या राजवटीच्या आठवणी घराघरांत जिवंत असलेल्या प्रदेशातील वाचकाला ते काहीसे सोपे वाटण्याची शक्यता आहे. आ. कृ. वाघमारे यांनी काढलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली, की ते दुसरे नाव घेऊन वाचकांपर्यंत पोहोचत असे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची तर ऑगस्ट 1948 मध्ये, संस्थान भारतात विलीन होण्याच्या काही आठवडे आधी, रस्त्यात हत्या करण्यात आली. प्रॅचेट यांनी हे धोके टाळलेले नाहीत. मिस्टर पिन आणि मिस्टर ट्युलिप हे दोन मारेकरी खरोखर भीतिदायक आहेत. मात्र सत्तेने आपण होऊन दाखवलेल्या समजूतदारपणावर कथानकाचा बराच भार टाकलेला आहे. तो मला शेवटपर्यंत पुरेसा पटला नाही.

वाचनाच्या अडचणींबद्दलही सांगणे आवश्यक आहे. पुस्तकात प्रकरणे नाहीत. पहिले काही दिवस कोठे थांबावे हेच कळत नव्हते, शेवटी प्रसंग बदलताना सुटलेल्या मोकळ्या जागेवर खूण ठेवण्याची सवय लावून घेतली. पहिली साठ-सत्तर पाने पात्रांच्या गर्दीमुळे जड गेली. सॅकरिसा क्रिप्सलॉक ही तरुणी वार्ताहर म्हणून कामाला लागल्यानंतर पुस्तकाने वेग घेतला. शहराचा स्वभाव विल्यमपेक्षा तिला जास्त चांगला समजतो, आणि माझ्या मते कादंबरीतील सर्वांत समंजस पात्र तीच आहे. ओटो हा पिशाच्च छायाचित्रकार प्रकाशाच्या लखलखाटाने स्वतःच राख होऊन पडतो, तरीही आपल्या कामावरील प्रेमापोटी पुन्हा उभा राहतो. त्याचे उच्चार इंग्रजीत मुद्दाम वेडेवाकडे लिहिलेले असल्यामुळे ते मोठ्याने वाचल्याशिवाय मला उमगत नव्हते. तळटीपा मात्र एकही सोडू नये. मोबाइलवर त्या पुढेमागे जाऊन शोधाव्या लागतात आणि विनोदाची लय तुटते, म्हणून कागदी प्रतच घ्यावी असे मी सुचवेन.

सध्या मी हे पुस्तक काकांना रोज संध्याकाळी जमेल तशा मराठीत सांगतो. परवा छापखाना जळतो आणि खिळे वितळून शिसे वाहू लागते, तो भाग आला. काकांनी मला हाताने थांबवले आणि विचारले, "किती मण खिळे होते रे त्यांच्याकडं?" मी मागची पाने चाळली, पण मला तो आकडा कोठे सापडला नाही. उद्या पुन्हा पहिल्या पानापासून शोधणार आहे.