पीएचच्या आलेखासाठी बफर: ॲसिटेट-फॉस्फेटची जोडी की सलग सायट्रेट-फॉस्फेट?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला एन्झाइम घेतलं की पीएच-ॲक्टिव्हिटीचा आलेख (कुठल्या पीएचला एन्झाइम किती काम करतं त्याचा) काढावाच लागतो, आणि बफर, म्हणजे पीएच टिकवून धरणारं द्रावण, कुठला हे तिथेच ठरवावं लागतं. समोर सहसा दोन वाटा असतात. एक म्हणजे 3.6 ते 5.6 ॲसिटेट आणि तिथून 8 पर्यंत फॉस्फेट. दुसरी म्हणजे 3 ते 7.6 सलग सायट्रेट-फॉस्फेट, ज्याचा तक्ता मॅकइल्व्हेननं 1921 मध्ये दिला. यीस्टच्या इन्व्हर्टेजवर (साखर फोडणाऱ्या एन्झाइमवर) मी दोन्ही वापरले आहेत.

ॲसिटेटची बाजू लंगडी नाही. आम्ल एकच, पीकेए (ज्या पीएचच्या आसपास बफर सर्वांत मजबूत असतो तो आकडा) एकच (4.76), त्यामुळे कागदावरचा हिशेब आणि मीटरवरचा आकडा जवळजवळ जुळतो. इन्व्हर्टेजचं शिखर 4.5 च्या आसपास असतं, म्हणजे ॲसिटेटच्या अगदी मधोमध. एका ठरलेल्या पीएचलाच काम करायचं असेल, कायनेटिक्स (क्रियेचा वेग मोजणं) किंवा शुद्धीकरण, तर मी आजही ॲसिटेटच घेईन.

अडचण येते ती सांध्यावर. ॲसिटेटचा तक्ता 5.6 ला संपतो आणि फॉस्फेटचा 5.7-5.8 ला सुरू होतो. दोन्ही बफर नेमके तिथेच दुबळे असतात. 5.6 चा ॲसिटेट बनवताना 45.2 मिली सोडियम ॲसिटेटमध्ये ॲसेटिक ॲसिड जातं फक्त 4.8 मिली. 5.8 च्या फॉस्फेटमध्ये 92 मिली मोनोबेसिक (आम्लाकडे झुकणाऱ्या) फॉस्फेटला डायबेसिक (अल्कलीकडे झुकणारं) 8 मिली. एवढ्याशा आधारावर पीएच टिकवायचा म्हणजे एन्झाइमचा अर्क जरा जास्त पडला तरी सरकतो. त्यात आयनांची जातच बदलते. ॲसिटेटची शेवटची आणि फॉस्फेटची पहिली नळी डीएनएस (सुटलेल्या साखरेप्रमाणे रंग देणारं रसायन) घालून उकळली आणि शेजारी धरली, की 0.2 पीएचनं पडावा त्याहून रंगात जास्त फरक दिसायचा. आलेखावर तिथे पायरी पडते. ती इन्व्हर्टेजच्या उतारावर पडते, म्हणजे जिथे वक्र गुळगुळीत खाली यायला हवा तिथेच. मग व्हायव्हात हमखास प्रश्न येतो: ही घट पीएचमुळे की बफर बदलल्यामुळे? सांध्याच्या पीएचला दोन्ही बफर करून, गुणोत्तर काढून एक बाजू दुसरीवर बसवता येते, आणि बरेच जण तसं करतात. पण मग आलेखातला अर्धा भाग मोजलेला न राहता बसवलेला होतो. हे मला कधीच पटलं नाही आणि माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

सायट्रेट-फॉस्फेटला असा सांधा नाही. सायट्रिक ॲसिडचे तीन पीकेए (3.13, 4.76, 6.40) आणि फॉस्फेटचा 7.20 असे एकापाठोपाठ येतात, त्यामुळे मधे कुठे भोक पडत नाही. स्टॉक (आधी करून ठेवायची मूळ द्रावणं) दोनच: 0.1 मोलर सायट्रिक ॲसिड आणि 0.2 मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पीएच 5 साठी 9.70 मिली सायट्रिकला 10.30 मिली फॉस्फेट, 7 साठी 3.53 ला 16.47. मीटरवर थोडं कमी-जास्त निघालं तर ॲसिड-अल्कली न घालता या दोन स्टॉकमधूनच थेंबाथेंबानं जुळवावं. काही पुस्तकांत 50 मिली मिश्रण पाण्यानं 100 करायला सांगतात. प्रमाण तेच असतं, ताकद निम्मी होते. कुठला प्रकार घेतला ते वहीत लिहावं.

हेही सांगायला हवं की बदल इथेही होतो, फक्त एका जागी न होता पसरून होतो. पीएच 3 ला फॉस्फेट 0.04 मोलर असतं, 7 ला 0.16 च्या वर. आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) चढत जाते. तुमचं एन्झाइम मिठाला संवेदनशील असेल तर पोटॅशियम क्लोराइड घालून ती सगळीकडे सारखी करावी.

काही ठिकाणी मात्र हा बफर नकोच. अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट ते धरून ठेवतं. ॲसिड फॉस्फेटेजमध्ये फॉस्फेट हेच उत्पादन, तेच एन्झाइमला अडवतं. मोड आलेल्या मुगाचं ॲसिड फॉस्फेटेज घेतलं असेल तर मुकाट्यानं ॲसिटेटकडे जावं.

बनवताना जपायचं ते फॉस्फेटच्या बाटलीपाशी. 0.2 मोलरच्या एका लिटरला निर्जल 28.39 ग्रॅम, डायहायड्रेट (दोन रेणू पाणी धरलेलं) 35.60, डोडेकाहायड्रेट (बारा रेणू धरलेलं) 71.63. डोडेकाहायड्रेट 35-36 अंशांना स्वतःच्याच पाण्यात वितळतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात स्टोअररूममधल्या बाटलीत त्याचा दगड झालेला असतो. कोरड्या हवेत उघडी राहिली तर पाणी उडतं आणि वजनाचा भरवसा राहत नाही. म्हणून ऑर्डर देताना निर्जल किंवा डायहायड्रेट मागावं. तयार स्टॉक फ्रीजमध्ये ठेवला तर तळाशी काचेसारखे खडे धरतात. वरचं द्रावण तसंच पिपेटनं घेतलं तर ते 0.2 मोलर नसतं. आधी कोमट करून, हलवून, पूर्ण विरघळवून घ्यावं.

सायट्रिक ॲसिडच्या स्टॉकमध्ये बुरशी येते, पावसाळ्यात जास्तच. बाटली उजेडासमोर धरून हलवली की कापसासारखे धागे तरंगताना दिसतात. गाळून वापरू नये, ओतून द्यावं. मी थोडंच बनवतो आणि झाकणावर तारीख टाकतो. बुरशी टाळायला सोडियम अझाइड घालण्याची पद्धत आहे, पण एलायझा या चाचणीत रंग देणाऱ्या सबस्ट्रेटसाठी पीएच 5 चा हाच बफर लागतो आणि अझाइड तिथलं रंग आणणारं एन्झाइम, पेरॉक्सिडेजच, बंद पाडतं. दोन्ही कामं एकाच लॅबमध्ये चालत असतील तर अझाइडवाल्या बाटलीवर तसं ठळक लिहून ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी.