नव्या रंगाखालचा गंज : १९७० च्या प्लिमथ डस्टरच्या रिस्टोरेशनमधील फसवणूक

मिशिगनमधील एका गॅरेजने माझ्या १९७० सालच्या प्लिमथ डस्टर ३४० गाडीच्या रिस्टोरेशनचे, म्हणजे जुनी गाडी मूळ रूपात आणण्याच्या कामाचे, पैसे हप्त्याहप्त्याने घेतले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडल्याचे बिल लावले, प्रत्यक्षात तो गंज पुट्टी, फायबरग्लास आणि काळ्या डांबरी लेपाखाली झाकून टाकला आणि गाडीचे मूळ इंजिन परस्पर काढून घेऊन त्याच्या जागी दुसरे, कमी मोलाचे इंजिन बसवून दिले. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र अशी फसवणूक कोणत्या मार्गाने होते, ती कुठे लपवली जाते आणि तिचे पुरावे गाडीच्या कोणत्या भागावर सापडतात, हे जुनी अमेरिकन गाडी विकत घेण्याच्या किंवा दुरुस्तीला देण्याच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांना माहीत असावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत आणि त्यांतील काहींना या गाड्यांची मनापासून ओढ आहे.

माझी ओढ घरातूनच आलेली आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात पुढे क्रायस्लरच्या डॉज, डी सोटो आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात, आणि माझे आजोबा तिथे फिटर होते. प्लिमथ हे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाई. त्यामुळे डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅम्कच्या, म्हणजे १९८० च्या जानेवारीत बंद पडलेल्या ‘डॉज मेन’ या जुन्या कारखान्यात तयार झालेली डस्टर एका निवृत्त कामगाराच्या शेडमध्ये अनेक वर्षे धूळ खात उभी असल्याचे समजले, तेव्हा ती मी घेतली.

डस्टर ही प्लिमथच्याच व्हॅलियंट या लहान गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली दोन दारांची गाडी. विंडशील्डच्या पुढचा भाग व्हॅलियंटचाच, मागचा उतरत्या छताचा भाग मात्र नवा, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १०८ इंच. अनेक डस्टर सहा सिलिंडरच्या, तिरक्या बसवलेल्या, साध्या आणि अतिशय टिकाऊ इंजिनावर चालत. ३४० घन इंचांचे आठ सिलिंडरचे, २७५ अश्वशक्तीचे इंजिन ज्या गाड्यांना मिळाले त्यांना आज संग्राहकांकडून वेगळी किंमत येते, आणि नेमकी तीच किंमत लबाडीला वाव देते. गाडीवर बसवलेले इंजिन कारखान्यातून आलेले मूळ इंजिन आहे की नाही, यावर किमतीत हजारो डॉलरचा फरक पडतो.

गाडी गॅरेजमध्ये पाठवण्यापूर्वी मी तिचे सर्व क्रमांक उतरवून घेतले होते आणि त्यांची छायाचित्रे काढली होती. आज माझी बाजू उभी आहे ती याच छायाचित्रांवर. त्या काळातील क्रायस्लरच्या गाड्यांचा क्रमांक तेरा अक्षरांचा असे, आणि त्यातील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. माझ्या गाडीचा क्रमांक ‘व्हीएस२९एच०बी’ असा सुरू होतो : पहिले अक्षर व्हॅलियंट-डस्टरच्या मालिकेचे, दुसरे किमतीच्या श्रेणीचे, २९ हे दोन दारांच्या बांधणीचे, ‘एच’ हे ३४० इंजिनाचे, शून्य हे १९७० सालाचे आणि ‘बी’ हे हॅमट्रॅम्क कारखान्याचे. पाचव्या जागी ‘एच’ ऐवजी ‘सी’ असेल तर ती गाडी २२५ घन इंचांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनासह बाहेर पडली होती, मग तिच्या अंगावर ३४० चे कितीही पट्टे रंगवलेले असोत. हा क्रमांक डॅशबोर्डवरील पट्टीवर काचेतून दिसतो. बॉनेटखाली चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर आणखी एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर ‘ई५५’ हा संकेत ३४० इंजिनाची साक्ष देतो. रेडिएटरला आधार देणाऱ्या चौकटीवर आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागावर, गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग, म्हणजे वर्षाचा अंक, कारखान्याचे अक्षर आणि सहा आकडी अनुक्रमांक, ठोकलेला असतो. माझ्या गाडीवर या सर्व ठिकाणचे क्रमांक एकमेकांशी जुळत होते. इंजिन जाम झालेले होते, पण ते गाडीचे स्वतःचे होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सतरा अक्षरांचा प्रमाण क्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून आला, आणि गाडीचा इतिहास पैसे घेऊन सांगणाऱ्या सेवा त्या सतरा अक्षरांवरच चालतात. सत्तरच्या दशकातील गाडीबाबत तो आधार मिळत नाही. गाडीवरचे ठसे आणि जुने कागद, एवढीच तिची ओळख असते.

गॅरेजच्या मालकाने गाडी पाहून जे अंदाजपत्रक दिले ते वाचायला समाधानकारक होते. दोन्ही बाजूंची जमीन (गाडीच्या आतला तळाचा पत्रा) बदलणे, डिकीचा तळ बदलणे, मागच्या चाकांमागील खालचा पत्रा कापून नवा जोडणे, टॉर्शन बारच्या (पुढचे वजन पेलणाऱ्या दांड्यांच्या) क्रॉसमेंबरची दुरुस्ती, इंजिन पूर्ण उघडून त्याची दुरुस्ती, आणि शेवटी रंग. या गाडीचे पत्र्याचे बरेच भाग आज नव्याने तयार होऊन मिळतात, त्यामुळे काम अशक्य कोटीतले नव्हते. प्रत्येक टप्पा संपला की छायाचित्रे येत आणि पाठोपाठ पुढच्या हप्त्याची मागणी येई. छायाचित्रांत नवा, चकचकीत, नीट वेल्डिंग केलेला पत्रा दिसत असे.

ती छायाचित्रे दुसऱ्या गाडीची होती. हे कसे कळले ते सांगणे आवश्यक आहे, कारण ही युक्ती अनेक ठिकाणी वापरली जात असणार. चार गिअरच्या मॅन्युअल डस्टरला जमिनीच्या मधल्या बोगद्यावर गिअरच्या दांड्यासाठी एक वेगळा उंचवटा वेल्ड केलेला असतो. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, तिच्या जमिनीवर तो उंचवटा नाही आणि असण्याचे कारणही नाही. मला पाठवलेल्या जमिनीच्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. पुढे न्यायालयासाठी कागद लावताना एका जाणकार मित्राने तो दाखवून दिला, आणि मग उरलेल्या छायाचित्रांतील रंगाच्या जुन्या कडा, तारांची भोके, सीटच्या पट्ट्यांची जागा, असे एकेक फरक निघत गेले. टप्प्याटप्प्याची छायाचित्रे मागताना प्रत्येक छायाचित्रात गाडीचा क्रमांक किंवा तिची ओळख पटवणारा एखादा भाग दिसलाच पाहिजे अशी अट लेखी घालावी. तशी अट घातल्यावर जो कारागीर कुरकुर करील, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा रंग उत्तम होता. पुढची चाके सरळ धावत नाहीत म्हणून मी ती एका टायरच्या दुकानात अलाइनमेंटसाठी नेली. तेथील मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्शन बारच्या मागच्या टोकाजवळ खरवडणीने लेप थोडा बाजूला केला आणि काम थांबवले. अलाइनमेंट करण्यास त्याने नकार दिला, ते योग्यच केले.

या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर असतो. पुढच्या चाकांना उभ्या गुंडाळ्या स्प्रिंगा नाहीत. लांब पोलादी दांडे, म्हणजेच टॉर्शन बार, पिळले जातात आणि तो पीळ गाडीचे पुढचे वजन पेलतो. या दांड्यांची मागची टोके जमिनीखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली असतात. तो क्रॉसमेंबर गंजून फाटला तर दांड्याचा आधारच सुटतो आणि गाडी चालत असताना पुढची बाजू खाली बसू शकते. जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते त्या प्रदेशातील गाड्यांत हा भाग सर्वप्रथम तपासावा लागतो, आणि माझ्या बिलात त्याच्या दुरुस्तीची मोठी रक्कम वेगळी दाखवलेली होती. प्रत्यक्षात तिथे पातळ पत्र्याचे तुकडे रिव्हेट मारून चिकटवले होते, फटी सीलंटने बुजवल्या होत्या आणि वरून जाड डांबरी लेप दिला होता. या गाडीत मी माझ्या मुलीला बसवले होते. पैशांचा राग कधीतरी निवेल, पण वजन पेलणारा सांधा पोकळ आहे हे माहीत असताना त्यावर लेप मारणाऱ्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही.

बाकीचा तपास नंतर एका स्वतंत्र तपासनिसाकडून करून घेतला. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असते, नव्याने रंगवलेल्या गाडीत ती वाढते, पण मागच्या चाकांमागे जाडी मोजणारे यंत्र मोजमापाच्या पलीकडे गेले आणि लोहचुंबक तिथे धरेना. पुट्टी वापरणे हा गुन्हा नव्हे. चांगला कारागीरही सांधा सपाट करण्यासाठी तिचा पातळ थर देतो, साधारण तीन मिलिमीटरपर्यंत. भोकावर जाळी लावून, तिच्यावर फायबरग्लास आणि मग बोटभर पुट्टी, हे मात्र पत्रा बदलल्याचे बिल लावण्यासारखे काम नव्हे. विंडशील्डखालच्या हवेच्या पेटीला तर हातच लावलेला नव्हता. ती गंजली की पावसाचे पाणी आत जमिनीवर उतरते, त्यामुळे खरोखर नवी जमीन घातली असती तरी ती पुन्हा सडली असती.

इंजिनाची गोष्ट सर्वांत शेवटी उघडकीस आली. क्रायस्लरचे ३१८ आणि ३४० ही एकाच घराण्यातील इंजिने, दोघांच्या पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली सरकण्याचे अंतर) ३.३१ इंच, बाहेरून आकार सारखा. फरक मुख्यतः सिलिंडरच्या व्यासात, म्हणजे ३.९१ इंच आणि ४.०४ इंच, आणि हेड, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर अशा भागांत. ३१८ वर ताजा रंग आणि ३४० चा चार नळ्यांचा कार्ब्युरेटर चढवला की बॉनेट उघडून पाहणाऱ्याला काही वावगे दिसत नाही. पण ब्लॉकच्या ओतकामातच, चालकाच्या बाजूला, आकारमानाचा आकडा उमटलेला असतो. तपासनिसाने मेण आणि रंग पुसल्यावर तिथे ३१८ वाचता आले. गाडीचा क्रमांक ब्लॉकवर कुठेच नव्हता.

मालकाला विचारले तेव्हा त्याचे पहिले उत्तर असे होते की मूळ ब्लॉकला तडा होता, म्हणून तो ‘एक्स्चेंज’मध्ये, म्हणजे दुसऱ्या इंजिनाच्या बदल्यात, दिला. तडा दाखवणारा कागद नव्हता, छायाचित्र नव्हते, मशीन शॉपची पावती नव्हती. मी नोटीस पाठवल्यावर त्याने जो तोडगा सुचवला तो मला मूळ चोरीपेक्षाही गंभीर वाटतो : एखादा ३४० चा ब्लॉक मिळवून देतो आणि त्यावर तुमच्या गाडीचा जुना क्रमांक ठोकून देतो, कुणाला कळणार नाही. मी स्पष्ट नकार दिला. तसे केले असते तर माझ्यानंतर ती गाडी घेणाऱ्याला मीच फसवले असते.

मिशिगनमध्ये १९७४ पासून मोटार दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा आहे. गॅरेज राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (वाहनांची नोंदणी पाहणाऱ्या) कार्यालयात नोंदलेले असावे लागते, मेकॅनिकला कामाच्या प्रकारानुसार प्रमाणपत्र लागते, लेखी अंदाजपत्रक द्यावे लागते आणि काढलेले जुने भाग ग्राहकाला परत द्यावे लागतात. वॉरंटीत किंवा एक्स्चेंजमध्ये परत पाठवायचे भाग यातून वगळलेले आहेत, आणि माझ्या प्रकरणात नेमक्या याच सवलतीच्या आड लपण्याचा प्रयत्न चालू आहे. म्हणून अंदाजपत्रकात नुसते ‘इंजिन रिबिल्ड’ असे लिहून घेऊ नये. ‘अमुक क्रमांक ठोकलेल्या याच ब्लॉकची दुरुस्ती, एक्स्चेंज नाही, ब्लॉक निकामी निघाल्यास तो मालकाला परत’, अशी ओळ लिहून त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. तक्रार मी त्या कार्यालयाकडे केलेली आहे. लहान दाव्यांचे न्यायालय येथे ७,००० डॉलरपर्यंतचेच दावे घेते आणि फसवणुकीचा आरोप असलेले दावे तिथे चालतच नाहीत, त्यामुळे २५,००० डॉलरपर्यंतचे दावे ऐकणाऱ्या जिल्हा न्यायालयात जावे लागले, वकील करावा लागला.

पत्र्याच्या कामाचा हप्ता देण्याची वेळ एकच असते : सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून गाडी उघड्या पोलादावर आली आहे, नवे तुकडे वेल्ड झाले आहेत आणि प्रायमरचा पहिला हात अजून बसलेला नाही. त्या दिवशी स्वतः जावे, जाता येत नसेल तर जाणकार माणसाला पैसे देऊन पाठवावे, गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावी, आणि लेप किंवा रंग आधीच मारलेला आढळला तर तो काढून दाखवेपर्यंत हप्ता देऊ नये. कारखान्याचे मूळ सांधे स्पॉट वेल्डिंगचे असतात, नव्या जोडाच्या खुणा त्यांच्याहून वेगळ्या दिसतात, आणि खरे काम केलेला कारागीर त्या अभिमानाने दाखवतो. सध्या माझी गाडी ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ प्रत्येक कापलेला गंजका तुकडा चिठ्ठी लावून खोक्यात ठेवतात. क्रॉसमेंबर त्यांनी पूर्ण बदलला आहे आणि हवेच्या पेटीपासून कामाला सुरुवात केली आहे.

मूळ ब्लॉकचा पत्ता अजून लागलेला नाही. मिशिगन, ओहायो, इंडियाना या भागात कुणाला १९७० चा ३४० ब्लॉक विकत घेण्याचा प्रस्ताव आला तर त्यावरचा क्रमांक शून्य आणि ‘बी’ यांनी सुरू होतो का ते पाहावे, विकणाऱ्याकडे त्या क्रमांकाच्या गाडीचे टायटल (मालकीचा कागद) किंवा खरेदीची पावती मागावी, आणि क्रमांकाची जागा घासून सपाट केलेली आढळली तर व्यवहार करू नये.