आरापेशची नोंद: एका गावात मुक्काम की अनेक गावांच्या शब्दयाद्या?

पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या डोंगरांत बोलल्या जाणाऱ्या आरापेश भाषेची नोंद करू पाहणाऱ्या अभ्यासकाकडे वेळ थोडा असेल, तर एकाच गावात मुक्काम करावा की गावोगाव फिरून शब्दयाद्या जमवाव्यात, हा पेच त्याच्यापुढे उभा राहतोच.

खर्चाचा हिशेब सरळ आहे: फिरतीत पैसा आणि पायपीट अधिक, मुक्कामात वेळ अधिक. खरा फरक व्याकरणात दिसतो. मराठीत लिंगे तीन. आरापेशमध्ये नामवर्ग, म्हणजे नामांचे लिंगासारखे गट, दहाहून अधिक असून ते बहुतांशी शब्दाच्या अंत्य ध्वनीशी निगडित असतात, आणि विशेषणे, सर्वनामे व क्रियापदेही त्या वर्गानुसार बदलतात. यादीत प्रत्येक नामाचे अनेकवचन नोंदवले, तरी ही जुळणी कथांत आणि संभाषणांतच पुरती उलगडते. मानववंशशास्त्रज्ञ रिओ फॉर्च्यून यांनी १९३१-३२ मध्ये अलितोआ गावी राहून केलेले काम १९४२ साली व्याकरण व कथांसह प्रसिद्ध झाले. ते आजही उपयोगी पडते, यामागे माझ्या मते हेच कारण आहे.

याद्यांची बाजू अगदीच दुबळी नाही. गावागणिक उच्चार आणि शब्द बदलतात, आणि नवी पिढी टोक पिसिन ही देशभरची संपर्कभाषा बोलू लागल्याने हे भेद वृद्धांबरोबरच लोपत आहेत.

बोलींच्या सीमा आखायच्या असतील, तर फिरती करावी, पण ध्वनिमुद्रणासह. व्याकरण लिहायचे असेल किंवा गावकऱ्यांच्या हाती कथासंग्रह द्यायचा असेल, तर मुक्कामच योग्य. कथा सांगणारे हयात आहेत तोवर माझा कौल त्यालाच आहे.