एकशे दहा येनची कॅसेट : जपानच्या ‘हार्ड ऑफ’मधील जंक विभाग

जपानला येणारे ओळखीचे लोक जुन्या व्हिडिओ गेमची चौकशी करतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात अकिहाबारा, म्हणजे तोक्योतील इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि गेमच्या दुकानांचा भाग, असते. तिथली दुकाने पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. पण जगभरचे पर्यटक एकाच वस्तूसाठी जिथे गर्दी करतात, तिथे ती वस्तू स्वस्त राहत नाही. गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त तोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांतात राहते आहे, आणि या काळात घेतलेल्या बहुतेक कॅसेटी व यंत्रे मी ‘हार्ड ऑफ’ या जुन्या वस्तूंच्या दुकानसाखळीतून, त्यातही तिच्या ‘जंक’ विभागातून घेतली आहेत. हा अभिप्राय त्या विभागाविषयी आहे.

हार्ड ऑफचे पहिले दुकान १९९३ मध्ये निगाता येथे सुरू झाले आणि आता ही साखळी देशभर पसरलेली आहे. बरीचशी दुकाने शहराच्या मध्यावर नसून बाहेरच्या हमरस्त्यांवर, मोठ्या वाहनतळासह असतात, त्यामुळे स्टेशनवरून उतरून वीस-पंचवीस मिनिटे चालण्याची किंवा बसची तयारी ठेवावी लागते. याच समूहाची ‘हॉबी ऑफ’ नावाची दुकाने खेळणी आणि गेम यांसाठी आहेत, आणि अनेक ठिकाणी दोन्ही एकाच छताखाली असतात. ‘बुक ऑफ’ हे नाव ऐकून ती याच घरातली वाटते, पण ती वेगळी कंपनी आहे. तिथेही गेम मिळतात आणि मांडणी नीटनेटकी असते, मात्र मी ज्या गोष्टीसाठी हार्ड ऑफला जाते, तो जंकचा मोठा पसारा तिथे सापडत नाही.

जंक म्हणजे भंगार असा अर्थ घेऊ नये. ज्या वस्तूची दुकानाने तपासणी केलेली नाही, किंवा जिच्यात काही उणीव आहे हे माहीत आहे, तिच्यावर जंकची चिठ्ठी लागते. ती परत घेतली जात नाही आणि तिची हमीही नसते. आपल्याकडे जुन्या बाजारात ‘चालू आहे, घेऊन जा’ असे छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटतो आणि घरी आल्यावर खरे काय ते कळते. इथे चिठ्ठीवरच लिहिलेले असते की चालेल याची खात्री नाही, आणि त्या एका वाक्यामुळे किंमत खाली येते. त्यामागचे कारण साधे आहे. एक जुनी कॅसेट यंत्रात घालून, पडद्यावर चित्र येते का हे पाहून, पिना पुसून पुन्हा पाहायचे म्हटले तर कर्मचाऱ्याचा जो वेळ जातो, त्याची मजुरी त्या कॅसेटच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणून दुकान ते काम गिऱ्हाइकावर सोडते आणि त्याचा मोबदला किमतीतून देते. मी आजवर घेतलेल्या चाळीसेक जंक कॅसेटींपैकी तीनच कधीही सुरू झाल्या नाहीत. बाकीच्यांना केवळ सफाईची गरज होती.

आणखी एका बाबतीत मला इथे खरेदी करताना निश्चिंत वाटते. जुन्या वस्तूंच्या व्यापाराविषयीच्या जपानी कायद्यानुसार गेमच्या कॅसेटी आणि डिस्क विकायला येणाऱ्याची ओळख दुकानाला पडताळावीच लागते, मग रक्कम कितीही लहान असो. त्यामुळे हाती आलेली वस्तू कुणाच्या घरातून उचललेली तर नाही ना, ही शंका फारशी उरत नाही.

जंक विभागात निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्या ओळीने ठेवलेल्या असतात. एकीत नुसते ॲडाप्टर, एकीत रिमोट, एकीत वायरींची भेंडोळी, आणि एखाद्या पेटीत फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्तेन्दो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम-यंत्राच्या, सुट्या कॅसेटी, ना पुस्तिका ना खोके. आमच्या भागातील दुकानात अशा कॅसेटी ११० येनपासून सुरू होतात. दहा टक्के करासहित ही किंमत असल्यामुळे तिथले आकडे ११०, ३३०, ५५० असेच दिसतात. एकशे दहा येन म्हणजे आपले साठ-पासष्ट रुपये. लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या अशा नाना रंगांच्या त्या कॅसेटी उभ्या लावलेल्या असतात आणि एकेक पुढे ओढत पाहावी लागते. अनेकींच्या पाठीवर मार्करने मुलाचे नाव लिहिलेले असते, तेही हिरागाना या सोप्या लिपीत, म्हणजे कांजी ही अवघड चित्राक्षरे अजून लिहिता न येणाऱ्या वयात. मित्राकडे खेळायला नेलेली कॅसेट आपलीच परत यावी म्हणून कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी जपून लिहिलेली ती अक्षरे पाहिली की मी ती पुसत नाही. संग्राहकांच्या दृष्टीने नाव लिहिलेली कॅसेट कमी किमतीची असते. मला मात्र ती तशीच हवी असते, आणि स्वस्त पडते हा वरचा लाभ.

या पेटीत माझ्यासारख्या मराठी गिऱ्हाइकाला जे सापडते, ते दुसऱ्या कुणाला सापडेल असे वाटत नाही. नव्वदच्या दशकात साताऱ्याला आमच्या घरी जो ‘व्हिडिओ गेम’ होता, तो निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला इथे आल्यावर कळले. त्याच्यासोबत आलेल्या पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे, आणि प्रत्यक्षात तेच ते वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा येत. त्यांची नावेही आम्हाला ठाऊक नव्हती. खाली मधोमध विटांच्या भिंतीआड गरुड आणि वरून येणारे वीस रणगाडे, त्याला आम्ही ‘टँक’ म्हणत असू. तो खेळ म्हणजे नामको कंपनीची १९८५ची ‘बॅटल सिटी’. पेटीत तिची मूळ कॅसेट हाताला लागली तेव्हा मी दुकानातूनच दादाला व्हिडिओ कॉल केला.

“दादा, ओळख बरं, हे काय आहे?”

“अगं, टँक! खरी कॅसेट असते होय त्याची?”

खरी असते, आणि ती मला ३३० येनला मिळाली. त्याच पेटीतून पुढे ‘रोड फायटर’, ‘एक्साइटबाइक’ आणि ‘बॉम्बरमॅन’ मिळाल्या. ‘कोंट्रा’ मात्र कधीच मिळाली नाही. तिला मागणी मोठी असल्यामुळे ती पेटीपर्यंत पोहोचतच नाही, काउंटरमागच्या काचेच्या कपाटात जाते.

कॅसेट निवडताना मी आधी खालच्या बाजूने आत डोकावते. पिना काळवंडलेल्या असतील तर चिंता नाही, पण हिरवट बुरशीसारखा थर असेल किंवा पिनेचा मुलामा सोलला असेल तर ठेवून देते. घरी आल्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे निर्जल इथेनॉल कापसाच्या काडीला लावून पिना पुसते. पहिली काडी काळीकुट्ट निघते, तिसरी-चौथी स्वच्छ निघाली की काम झाले. लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही आत फुंकर मारत असू. फुंकरीतला ओलावा पिनांना लागून त्या पुढे गंजतात, म्हणून ती सवय सोडलेली बरी. ज्या खेळात प्रगती साठवण्याची सोय आहे, त्या कॅसेटीत आत एक बटण सेल डाकलेला असतो, बहुधा सीआर२०३२, आणि तीस वर्षांनी तो संपलेला असणारच असे धरून चालावे. सेल बदलता येतो, पण सुपर फॅमिकॉमची (फॅमिकॉमनंतरच्या निन्तेन्दोच्या यंत्राची) कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो आणि डाककाम यावे लागते.

यंत्रांच्या बाबतीत जास्त सावधपणा हवा. १९८३चे मूळ लाल-पांढरे फॅमिकॉम जंकमध्ये दिसते आणि घ्यावेसे वाटते, पण त्यातून चित्र निघते ते अँटेनाच्या वायरीतून. जपानमध्ये टीव्हीचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण २०११ मध्ये बहुतेक ठिकाणी बंद झाले आणि नव्या टीव्हीत ते पकडणारी सोयच नसते. शिवाय त्याचे रिमोट यंत्रालाच जोडलेले असतात, त्यामुळे एकाची वायर तुटली की यंत्र उघडावे लागते. १९९३ मध्ये आलेले नवे फॅमिकॉम एव्ही वायरीने जोडता येते. ते महाग आहे, तरी मी तेच घेतले, आणि जंकमधून नव्हे तर दुकानाने तपासून ठेवलेल्या भागातून, हमीसह. कॅसेट बिघडली तर साठ रुपये जातात, यंत्राच्या बाबतीत तो हिशेब लागू होत नाही. १९९०चे सुपर फॅमिकॉम मात्र जंकमधून घ्यायला हरकत नाही. ते पिवळे पडलेले असते, पण तो त्या प्लॅस्टिकचा गुण आहे, बिघाडाची खूण नव्हे. माझे २,२०० येनला आले आणि पहिल्याच दिवशी सुरू झाले.

त्याआधी मी एक सुपर फॅमिकॉम एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले होते. छायाचित्रे सुंदर होती, ‘चालू स्थितीत’ असे लिहिलेले होते. सोबत आलेला ॲडाप्टर मूळ नव्हता आणि त्याच्या टोकाची धन-ऋण बाजू उलटी होती. मी तो लावला आणि आतला फ्यूज गेला. विक्रेत्याने नंतर उत्तरच दिले नाही. निन्तेन्दोच्या मूळ ॲडाप्टरवर एचव्हीसी-००२ असे छापलेले असते, तो १० व्होल्ट आणि ८५० मिलिअँपिअरचा असून टोकाचा मधला भाग ऋण असतो, आणि हाच एक ॲडाप्टर फॅमिकॉम व सुपर फॅमिकॉम दोघांनाही चालतो. हार्ड ऑफच्या ॲडाप्टरांच्या पेटीत पाच मिनिटे शोधले की तो सापडतो. यंत्राआधी मी आता तोच शोधते.

आमच्या भागातील शाखेत एका कोपऱ्यात टेबल, विजेचा बोर्ड आणि जुना टीव्ही ठेवलेला आहे आणि जंक वस्तू विकत घेण्याआधी तिथे लावून पाहता येते. ही सोय प्रत्येक शाखेत असेल असे गृहीत धरू नये, पण विचारायला कधीही संकोच करू नये. माझे जपानी अगदीच मोडके होते त्या दिवसांतही तिथल्या मुलीने स्वतः वायर शोधून जोडून दिली होती, तेही ५५० येनच्या वस्तूसाठी. कुणी मागे उभे राहून घाई करत नाही. दुसऱ्या बाजूला, नशिबाचा भाग मोठा आहे: एकाच शाखेत एका शनिवारी पेटी भरून कॅसेटी असतात आणि पुढचे दोन महिने खेळांऐवजी नुसते जुने प्रिंटर दिसतात. गेल्या काही वर्षांत भावही चढले आहेत. जी यंत्रे मी आले तेव्हा हजार येनच्या आत मिळत, ती आता दुप्पट किमतीला दिसतात. डिस्कवरच्या खेळांत, म्हणजे प्लेस्टेशन आणि सेगा सॅटर्नमध्ये, मला फारसा रस नाही. त्या इथे मुबलक आणि स्वस्त असतात, पण त्यांतल्या कथा जपानीत असल्यामुळे भाषा येत नसेल तर त्यांचा उपयोग थोडा.

भारतात नेण्यासाठी कुणी विचारले तर मी गेम बॉय हे निन्तेन्दोचे हातात धरून खेळायचे यंत्र सुचवते. १९८९चे मूळ यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते, त्याला टीव्ही लागत नाही आणि जपानी-परदेशी असा कॅसेटींत भेद नाही. जंकमधून घेताना सेलचे झाकण उघडून आतल्या स्प्रिंगा पाहाव्यात. गळलेल्या सेलांनी त्या खाल्लेल्या असतात. पडद्यावर उभ्या रेघा असतील तर किंमत आणखी कमी असते आणि त्या बऱ्याचदा दुरुस्त होतात. टीव्हीला जोडायची यंत्रे नेताना एक गोष्ट विसरू नये की जपानमधला वीजपुरवठा १०० व्होल्टचा आहे. इथला जुना ॲडाप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट घातला तर तो जळेल. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

‘बॅटल सिटी’ मी दिवाळीला साताऱ्याला घेऊन गेले. दादाने माळ्यावरून जुने यंत्र काढून ठेवले होते. आपल्याकडच्या त्या नकला जपानी फॅमिकॉमच्याच साठ पिनांच्या कॅसेटी घेतात, त्यामुळे ती विनासायास बसली आणि एव्ही वायरीने नव्या टीव्हीवर चित्र आले. साइतामाला हाच खेळ खेळताना रणगाडे माझ्या अंगावर फार लवकर येत आणि मी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच हरत असे. सवय गेली असेल असे मला वाटले होते. पण साताऱ्यात दोघे खेळायला बसलो आणि आम्ही पंधराव्या टप्प्यापर्यंत गेलो. जपानी यंत्रात खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो. आपल्याकडचे यंत्र पाल या आपल्या टीव्हीच्या पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. लहानपणी आम्ही जो ‘टँक’ शिकलो, तो मुळापेक्षा संथ होता. कॅसेट आता साताऱ्यालाच आहे, आणि माझ्यासाठी मी त्याच पेटीतून दुसरी शोधते आहे.