खरं बिस्किट खायचंय? नौपाड्यातल्या या बेकरीतला टोस घ्या

ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की ही बेकरी लागते, बोर्डाचा रंग पार उडालाय पण भाजल्याचा वास बरोबर दारात नेऊन सोडतो. पाव, खारी, जिरा बटर सगळंच चांगलंय, पण मी लिहितेय ते टोससाठी.

मागच्या रविवारी जर्मनीहून आलेल्या पुतणीला घेऊन गेले होते. काउंटरवरच्या काकांनी हौसेने आत नेऊन दाखवलं, सकाळी भाजलेला ब्रेड गार झाला की कापतात, चकत्या पत्र्याच्या ट्रेमधे आडव्या लावतात आणि दुपारी भट्टीची आच उतरली की परत आत सरकवतात, मग तो वाळत वाळत भाजतो, घाई केली तर बाहेरून लाल आणि मधे मऊ राहतो. पुतणी लगेच म्हणाली, काकू हे तर त्स्वीबाक! जर्मनमधे टोसला तेच म्हणतात, अर्थ सरळ "दोनदा भाजलेलं".

मग घरी येऊन शब्दकोश काढूनच बसलो दोघी. बिस्किट शब्दाचा मूळ अर्थपण तोच निघाला! लॅटिनमधे बिस म्हणजे दोनदा, कोक्तुस म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. बोटीवर महिनोन्महिने टिकावं म्हणून सगळा ओलावा काढून टाकलेला खाऊ तो. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की बिस हा संस्कृतमधल्या द्विस् चा सख्खा भाऊ आहे आणि कोक्तुस आणि आपलं पक्व एकाच मुळातले, ज्यातून पक्वान्न आलं, पचन आलं. म्हणजे बिस्किट म्हणजे द्विपक्व हो!

पण युरोपभर फिरता फिरता नाव एकीकडे आणि पदार्थ भलतीकडे गेलाय. पुतणी सांगते जर्मनीत बिस्कुइट म्हटलं तर मऊ स्पंज केक मिळतो, स्पेनमधे बिस्कोचोपण तसाच केक. इटलीत बिस्कोत्तो कुठल्याही बिस्किटाला म्हणतात, आणि खरंच दोनदा भाजतात ती प्रातो शहरातली बदामाची कांतुच्ची. आपण ज्याला बिस्किट म्हणतो त्याला जर्मन लोक केक्स म्हणतात, तो शब्द त्यांनी इंग्लिश केक्सवरून उचललाय. आणि कुकी आली डच कूक्येवरून, म्हणजे छोटा केक. दोनदा भाजायचं काम इमानाने करतोय तो आपला टोस.

अर्धा स्टार कापलाय तो पिशवीसाठी. पातळ प्लॅस्टिकमधे देतात, जुलैत घरी आणेपर्यंत टोस सादळला होता. सादळण्यावरून आठवलं, १९९१ मधे ब्रिटनमधे टॅक्सवरून केस झाली, जाफा केक (छोट्या केकवर संत्र्याची जेली आणि चॉकलेट असतं तो) हा केक की चॉकलेट लावलेलं बिस्किट, कारण तसल्या बिस्किटावर व्हॅट लागतो आणि केकवर नाही, तिथे एक मुद्दा हाच होता की शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. निकाल केकच्या बाजूने लागला. सादळलेला टोस मंद तव्यावर पाच मिनिटं ठेवला की परत खुटखुटीत होतो, हे काकांनीच सांगितलं.

चव म्हणाल तर गोड बेताचा, चहात बुडवला तर तुटून खाली बसत नाही, आईला दात नाहीत तरी ती दोन खाते. डबा घेऊन जा. ताजा ट्रे साडेपाचला निघतो आणि वेलचीचा आधी संपतो.

पाचपैकी साडेचार.