गावच्या बातम्यांच्या वेबसाइटसाठी: जाहिरातींचं प्लगइन कोणतं, घरचा कॉम्प्युटर कोणता?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरूनच मराठी बातम्यांची वेबसाइट चालवायची ठरवली की दोन निवडी लगेच पुढ्यात येतात: जाहिरातींचे बॅनर दाखवणारं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, आणि ज्यावर हे सगळं काम करायचं तो कॉम्प्युटर. या दोन्हींत प्लगइनचा विचार जास्त करावा, असं माझं ठाम मत आहे. कारण आपला जाहिरातदार म्हणजे गणपत गल्लीतलं साड्यांचं दुकान, टिळकवाडीतले क्लासेस, एखादी पतसंस्था, नाहीतर गावच्या लक्ष्मी यात्रेच्या शुभेच्छा देणारं मंडळ. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती जणांनी पाहिली? आणि ठरलेल्या तारखेला लागली का, उतरली का? या दोन प्रश्नांचं उत्तर जे प्लगइन फुकटात देईल, ते आपलं.

वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर अशा प्लगइनची तीन नावं बघण्यासारखी आहेत: अ‍ॅड इन्सर्टर, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅड्स आणि अ‍ॅडरोटेट.

अ‍ॅड इन्सर्टरच्या मोफत आवृत्तीत १६ ब्लॉक, म्हणजे जाहिरातीचा कोड ठेवायच्या जागा, मिळतात. कोणता कोड कुठे बसवायचा, म्हणजे तिसऱ्या परिच्छेदानंतर, बातमीच्या वर की फक्त मोबाईलवर, हे त्यात फार बारकाईने ठरवता येतं. गूगल अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे गूगल स्वतः पाठवतं त्या जाहिरातींवरच भिस्त असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही. पण किती वेळा दिसली, किती क्लिक झाले, ही मोजणी पैसे भरल्यावरच मिळते. स्थानिक जाहिरातींसाठी तिथेच ते मागे पडतं.

अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅड्स हाताळायला तिघांत सोपं. बॅनर अपलोड करा, जागा निवडा, मुदत संपण्याची तारीख टाका, काम झालं. ही जाहिरात फक्त क्रीडा विभागातच दाखव, असंही मोफत आवृत्तीत सांगता येतं, त्यामुळे कुस्तीच्या बातम्यांखाली तालमीचा किंवा जिमचा बॅनर नेमका बसतो. आकडेवारी मात्र इथेही विकत घ्यावी लागते.

अ‍ॅडरोटेट दिसायला जुनाट आहे. सेटिंगची पानं भरगच्च, सुरुवातीला गोंधळ होतो. पण दिसण्याची आणि क्लिकची मोजणी मोफत आवृत्तीतच आहे, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख आहे, आणि एका जागेत चार-पाच बॅनर ठेवून काही सेकंदांनी आपोआप बदलण्याची सोयही आहे. महिनाअखेरीला हे आकडे दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की पुढच्या महिन्याचं बोलणं सोपं होतं. म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी अ‍ॅडरोटेटच सुचवेन. एक काळजी घ्यावी लागते. ते बॅनर ज्या फोल्डरमध्ये ठेवतं त्याचं नावच ‘बॅनर्स’ असतं, आणि अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती लपवणारे प्रोग्राम) असल्या नावांवरच नजर ठेवून असतात. चित्रं वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत टाकून तिथून जोडावीत.

आता एक गोष्ट तिन्हींना लागू, आणि वाद बहुतेक तिथूनच सुरू होतात. दुकानदार गल्ल्यावर बसून मोबाईलवर तुमचं पान उघडतो. खाली ओढतो. शेजारच्या सराफाचा बॅनर दिसतो, आपला नाही. पुन्हा उघडतो, पुन्हा सराफच. मग फोन येतो. यात प्लगइनचा दोष नसतो. साइट वेगाने उघडावी म्हणून कॅशिंगचं प्लगइन तयार पान साठवून ठेवतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच पान देतं. सर्व्हरवर होणारी बॅनरची अदलाबदल त्यात गोठून जाते. अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅड्समध्ये यावरचा उपाय प्रो आवृत्तीत आहे. अ‍ॅडरोटेटमध्ये एका जागेतल्या बॅनरचा ग्रुप ‘डायनॅमिक’ केला की सगळे बॅनर पानाबरोबरच येतात आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये बदलत राहतात. पैसे न भरता भागवायचं असेल तर हा मार्ग धरावा.

वाचकाच्या गावानुसार जाहिरात दाखवण्याच्या सोयीसाठी मात्र आपल्या भागात पैसे घालवू नका. इंटरनेट पत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) गाव ओळखणं हे अंदाजाचं काम आहे. निपाणीचा वाचक बेंगळुरूचा दिसेल, चंदगडचा पुण्याचा. ज्यांची गिऱ्हाइकं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना तर सगळीकडेच दिसायला हवं असतं.

कॉम्प्युटरची गरज लागते ती बॅनर तयार करताना. जाहिरातदार सर्रास फ्लेक्सची फाईल पाठवून देतात: दहा फुटी मजकूर, वर नेत्यांचे फोटो, खाली नावांची रांग. ते ३०० × २५० पिक्सेलच्या चौकटीत वाचताच येत नाही. नव्याने मांडणी करावी लागते, आणि जाहिरात जुन्या डीटीपीवाल्याकडून आली असेल तर ती कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असते. म्हणजे विंडोज घेणंच सोयीचं.

जुना, दुरुस्त करून विकलेला ऑफिसचा डेस्कटॉप स्वस्त पडतो. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून भुलू नका, पिढी विचारा. शिवाय या छोट्या डब्यांतला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. तो जळला तर बाजारात सहज मिळत नाही.

म्हणून खिशाला परवडत असेल तर असेंबल केलेला, म्हणजे सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर घ्यावा. रायझन ५ ५६००जी किंवा आय-३ १२१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, फाईली साठवायला ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान) एसएसडी एवढ्यावर हे काम आरामात होतं. वेगळं ग्राफिक कार्ड नको, मात्र इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर तो प्रोसेसर टाळा, त्यात पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, तेव्हा आज ८ जीबीची एकच पट्टी घालून दुसरी जागा रिकामी ठेवली तरी चालेल. वाचवलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसवर घाला. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि आल्यावर पहिला झटका एसएमपीएसला बसतो. ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला चालू काम सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो.

ऑनलाइन किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवर थोडं स्वस्त मिळेल. तरी बेळगावातल्या दुकानातून घ्या आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. मदरबोर्ड बंद पडला तर वॉरंटीत पाठवताना पहिल्यांदा तोच विचारतात.