व्हिटॅमिन सी सीरम: टक्के नंतर, आधी बाटली बघा

३० मि.ली.ची बाटली, रोज सकाळी ५ थेंब. पातळ सीरमचे साधारण २० थेंब म्हणजे १ मि.ली., म्हणजे रोज पाव मि.ली. लागतं आणि बाटली १२० दिवस पुरते. पण शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरलेलं असेल तर झाकण उघडल्यापासून तीनेक महिन्यांत ते उतरणीला लागतं. चौथ्या महिन्यात चेहऱ्यावर जातं ते बरंचसं पिवळं पाणी. लेबलवरचे २० टक्के कारखान्यातून निघाल्या दिवसाचे असतात, तुमच्या कपाटातल्या बाटलीचे नव्हे. त्यामुळे सीरम पारखताना टक्के शेवटी बघायचे.

बाटली कशी हवी? गडद तपकिरी काच किंवा अपारदर्शक, हवा आत न घेणारा पंप. ड्रॉपर दर वेळी बाहेर काढला की आत ताजी हवा जाते, आणि बाटली निम्मी झाली की उरलेल्या सीरमच्या डोक्यावर हवेचा साठा तेवढाच मोठा होतो. म्हणूनच शेवटचा पाव भाग सगळ्यात लवकर पिवळा पडतो. पारदर्शक काचेतलं शुद्ध सी दिसायला कितीही देखणं असो, घेऊ नये. १५ किंवा २० मि.ली.चा पॅक मिळत असेल तर दर मि.ली. थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. संपवला जाईल तेवढाच माल आपला.

ताजेपणा ओळखायला पांढरा टिश्यू पेपर पुरतो. त्यावर एक थेंब टाका आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. पाण्यासारखा किंवा वाळल्या गवतासारखा फिकट डाग म्हणजे ठीक. फेरुलिक ॲसिड (सीला टिकवून धरायला घातला जाणारा वनस्पतिजन्य घटक) असलेल्या सीरमला पहिल्या दिवसापासूनच ती फिकट झाक असते, तिला घाबरू नये. डाग गडद पिवळा दिसला तर बाटली भराभर संपवा. कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला असेल तर मोह सोडा. आत घडतं ते असं: ॲस्कॉर्बिक ॲसिडचं आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं, तिथून पुढे ते तुटत जातं, आणि या तुकड्यांत एरिथ्रुलोज नावाची एक साखर असते. हीच साखर त्वचा कृत्रिमरीत्या सावळी करणाऱ्या लोशनांत वापरतात. जुनं सीरम लावणाऱ्यांच्या नखांच्या कडा, कपाळावरची केसांची रेघ आणि उशीचा अभ्रा पिवळा-तपकिरी होतो तो यामुळे. सीरमने चेहरा काळवंडला अशी जी तक्रार ऐकू येते, त्यात बऱ्याचदा हा वरवरचा रंग असतो. तो काही दिवसांत मृत पेशींबरोबर निघून जातो. काही कंपन्या सीरमलाच नारिंगी रंग देतात. रंग बघायची सोयच ठेवत नाहीत, म्हणून ती बाटली आमच्या यादीतून बाद.

आता पीएच, म्हणजे आम्लतेचं माप: आकडा जितका कमी तितकं सीरम जास्त आम्लधर्मी. डुकराच्या त्वचेवर केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, २० टक्क्यांपर्यंत शोषण वाढतं आणि त्यापुढे उलट कमी होतं. त्याच प्रयोगांत, त्वचा एकदा भरली की आतला साठा निम्मा व्हायला सुमारे ४ दिवस लागले. याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. एक, २५-३० टक्क्यांचं पाण्यातलं सीरम हा निव्वळ आकड्यांचा खेळ. हाती येते ती जास्तीची चुणचुण. दुसरं, ज्यांना रोज सोसत नाही त्यांनी एक दिवसाआड लावलं तरी फार काही हातचं जात नाही.

पीएच घरी मोजता येतो. ० ते १४ ची ढोबळ पट्टी नको, २.५ ते ४.५ च्या टप्प्यातली बारीक पट्टी घ्या, थेंब टाका आणि अर्ध्या मिनिटात रंग जुळवा. पट्टी पाण्यातल्या सीरमलाच लागू पडते. तेलातल्या किंवा सिलिकॉनमधल्या सीरमवर दिसणाऱ्या रंगाला काही अर्थ नसतो.

आणखी एक चाचणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते. अर्धा कप पाण्यात जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे २ थेंब टाका, पाणी फिकट तपकिरी होईल. त्यात सीरमचे थेंब सोडत ढवळा. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड आयोडीनचं आयोडाइड करतं आणि रंग बघता बघता उडतो. नवी बाटली उघडल्या दिवशी किती थेंब लागले ते लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तेवढ्याच पाण्याला दुप्पट थेंब लागले तर माल अर्ध्यावर आला. मात्र सोडियम मेटाबायसल्फाइटसारखा परिरक्षकही हाच रंग घालवतो, तेव्हा घटकांत तो असेल तर निकालावर विसंबू नका. आणि सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटसारख्या साधित प्रकारांनी (शुद्ध सीला दुसरा रासायनिक तुकडा जोडून बनवलेल्या) रंग तसाच राहिला, तर सीरम बनावट आहे असं समजू नका. त्यांत रंग घालवणारी जागाच झाकलेली असते.

आता एकेका बाटलीकडे. स्किनस्युटिकल्सचं सी ई फेरुलिक हे इतर सीरम ज्याच्याशी ताडून बघतात असं मानलं जातं, आणि ते उगाच नाही: १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, १ टक्का व्हिटॅमिन ई, अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड. या त्रिकुटावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुसत्या सी-ई जोडीने उन्हापासून मिळणारं सुमारे ४ पट संरक्षण फेरुलिक घातल्यावर ८ पटीच्या आसपास गेलं. तोही प्रयोग डुकराच्या त्वचेवरचा आणि कृत्रिम उन्हातला होता, हे विसरू नये. लावल्यावर किंचित चिकट वाटतं, वास थोडा धातूसारखा. खोट काढायची तर दोन: किंमत, आणि एवढ्या किमतीला तोच ड्रॉपर. तेलकट, मुरुमाळ त्वचेला व्हिटॅमिन ईचं हे मिश्रण जड होऊ शकतं. त्यांच्यासाठी त्याच कंपनीचं सिलिमरिन सी एफ आहे. त्यात ई नाही आणि अर्धा टक्का सॅलिसिलिक ॲसिड आहे.

पॉलाज चॉइसचं सी १५ बूस्टर जवळपास त्याच घडणीचं आहे, फक्त २० मि.ली.चं. सुरुवातीचं गणित आठवलं की हा आकार का आवडतो ते कळेल. ला रोश-पोझेचं प्युअर व्हिटॅमिन सी १० हे दहा टक्क्यांचं, सिलिकॉनमुळे रेशमी लागणारं, पहिल्यांदाच सी वापरणाऱ्याला सोसेल असं. पण त्यात सुगंध आहे, आणि ज्यांच्या त्वचेला वासाच्या पदार्थांनी खाज सुटते त्यांनी लांब राहावं. द ऑर्डिनरीचं २३ टक्क्यांचं सस्पेंशन मात्र वेगळीच जात आहे. त्यात पाणीच नाही, ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड तेलकट माध्यमात नुसती कालवलेली. पाणी नाही म्हणून टिकतं उत्तम, ट्यूबमध्ये आहे म्हणून हवाही कमी लागते. पण बोटांना बारीक रव्यासारखं लागतं, आणि चेहऱ्याच्या ओलाव्यात कण विरघळतील तसतशी चांगलीच चुणचुण होते. मॉइश्चरायझरमध्ये थोडं मिसळून रात्री लावलं तर निभतं. सकाळी सनस्क्रीनखाली ते लावू नये, वरचा थर फाटतो.

साधित प्रकार मवाळ असतात आणि टिकाऊही. त्वचेत गेल्यावर त्यांचं रूपांतर व्हावं लागतं, ते किती होतं यावर सगळं अवलंबून, आणि माणसाच्या त्वचेवरचा पुरावा शुद्ध सीइतका भक्कम नाही. त्यातल्या त्यात मुरुमांच्या त्वचेला सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट बरं. ५ टक्क्यांवर त्याचा मुरुमांसाठी अभ्यास झाला आहे आणि ते साधारण उदासीन पीएचला चालतं. इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड हा आजकालचा लाडका प्रकार. नावाच्या जवळिकीमुळे दुकानदार त्याला सर्रास शुद्ध सी म्हणतात, ते तसं नाही. शुद्ध प्रकार असेल तर घटकांच्या यादीत नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड लिहिलेलं असतं. मागे-पुढे इथाइल, ग्लुकोसाइड, फॉस्फेट, पामिटेट काही लागलं की तो साधित.

ती यादी वाचायची एक युक्ती आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हा परिरक्षक युरोपीय नियमांप्रमाणे जास्तीत जास्त १ टक्का घालता येतो. तेव्हा यादीत तो जिथे दिसेल तिथे मनातल्या मनात रेघ ओढा. सीचं नाव रेघेखाली असेल तर बाटलीवरचा संत्र्याचा फोटो हा नुसता फोटो.

लावायची पद्धत. नवीन सीरम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा ७ दिवस लावून बघा. मग सौम्य फेसवॉशने धुतलेला चेहरा टिपून पूर्ण कोरडा करा. ओल्या त्वचेवर आम्लधर्मी सीरम जास्त झोंबतं. थेंब तळहातावर चोळत बसू नका, निम्मं तिथेच जिरतं. बोटांच्या टोकांनी थेट गाल, कपाळ, हनुवटीवर ठेवा आणि पसरा. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांच्या कडा सोडा. दोन मिनिटं थांबा, मग मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदाच. मिनिटभराची चुणचुण चालेल. दहा मिनिटांनंतरही जळजळ आणि लाली असेल तर धुऊन टाका आणि टक्के कमी करा.

फरक बघायला ८ ते १२ आठवडे द्या, आणि फोटो एकाच खिडकीशी, एकाच वेळी काढा. नाहीतर बल्बचा उजेड तुम्हाला हवं ते दाखवतो. मुरुमांचे ताजे तपकिरी डाग फिकट होतात, चेहऱ्याचा मळकटपणा कमी होतो. जुना वांग नुसत्या सीने जात नाही. मुरुमांचे खड्डे तर अजिबातच भरत नाहीत.

शेजारच्या बाटल्यांचं, म्हणजे सीसोबत वापरल्या जाणाऱ्या इतर सीरम-क्रीमांचं, थोडक्यात. नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३) आणि सी एकत्र चालत नाहीत हा समज जुना आणि चुकीचा. रोजच्या तापमानाला त्यांचं आपसात काही बिघडत नाही. लाली आलीच तर ती दोन सीरमांच्या एकूण माऱ्याने येते. नायसिनमाइड ४-५ टक्के भरपूर झालं, १० टक्क्यांनी काहींची त्वचा उगाच लाल होते. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड मात्र सीला खरंच मारतं, कारण ते स्वतःच ऑक्सिडीकरण करणारं आहे. एक सकाळी, एक रात्री. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा प्रकार) रात्रीच, सगळ्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं. ग्लायकॉलिकसारखी आम्लं त्याच वेळी सीवर चढवू नका. हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम ओलसर त्वचेवर लावून वर लगेच क्रीम लावायचं. एकट्याने ते कोरड्या हवेत त्वचा ओढून धरतं.

सनस्क्रीन लावताना रबराने खोडल्यासारखे कण निघतात, त्याचा दोष बहुतेक वेळा सनस्क्रीनचा नसतो. खालचं सीरम जास्त झालेलं असतं किंवा वाळायला वेळ दिलेला नसतो. थेंब कमी करा, थरांमध्ये थांबा, आणि सनस्क्रीन चोळण्याऐवजी थापा. दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. ही पायरी गाळणार असाल तर सीरमचे पैसे वाचवलेले बरे.

बाटली न्हाणीघरात ठेवू नका, तिथली वाफ आणि उष्णता तिला लवकर संपवते. फ्रिजच्या दारापेक्षा आतला कप्पा बरा. उघडल्याची तारीख बुडाशी पेनाने लिहा. छोट्या बाटल्यांत ओतून ठेवायचा उद्योग करू नका, ओतताना हवाही लागते आणि जंतूही जातात. पिवळं पडू लागलेलं सीरम हाताच्या पाठीवर आणि कोपरांवर संपवता येतं, फक्त बाहीची कड पांढरी नसावी.